भीतीचे भांडवल

(मैंदर्गी, ता. अक्कलकोट, जि. सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला 'दहशतवाद' हा विषय दिला होता. त्यात मी एक लहानसा बदल करून घेतला. दहशतवादी संघटना, त्यांची शस्त्रे, त्यांचे सीमेपलीकडील आश्रयदाते यांविषयी आपण वृत्तपत्रांतून पुष्कळ वाचता. मला बोलायचे आहे ते दहशतीविषयी. स्फोट शेकडो मैलांवर होतो आणि भय मात्र मैंदर्गीच्या घराघरांत येऊन बसते. ते कोणत्या वाटेने येते, वाटेत त्याला कोण कोण खांदा देतो आणि त्याचे मोल शेवटी कोण चुकवतो, एवढाच आजचा विषय.

भय म्हणजे काय, हे या भागाला बाहेरून येऊन कुणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. आज जिला आपण कर्नाटकाची सीमा म्हणतो, तिच्या बऱ्याच भागापलीकडे १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. कासीम रझवीच्या रझाकारांच्या कथा येथील वृद्धांच्या तोंडून आपण ऐकल्या असतील. ते भय काल्पनिक नव्हते. गावे लुटली जात होती, माणसे जीव मुठीत धरून सोलापूरकडे येत होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले, पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. संकट सरले. परंतु संकटाबरोबर भय सरले नाही, आणि सीमेपलीकडील अनेक गावांत त्या भयाचा सूड ज्यांनी कधी हाती शस्त्र धरले नव्हते अशा निरपराधांवरही उगवला गेला, ही नोंदही इतिहासात आहे. संकट आणि संकटाचे भय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा बंदोबस्त सैन्य आणि पोलीस करू शकतात. दुसऱ्याचा बंदोबस्त समाजालाच करावा लागतो.

आता २६ नोव्हेंबर २००८ कडे येऊ. सोलापूरकरांना ती तारीख एका विशेष कारणाने बोचते. त्या रात्री कामा रुग्णालयाजवळ हेमंत करकरे आणि विजय साळस्कर यांच्यासमवेत वीरगती पावलेले अशोक कामटे हे त्यापूर्वी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. गुंडगिरीला वचक बसवणारा अधिकारी म्हणून या जिल्ह्याने त्यांना जवळून पाहिले होते. दहा हल्लेखोर, सुमारे साठ तास, १६६ बळी. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. परंतु त्या साठ तासांतील एका गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार आपल्या माणसांशी दूरध्वनीवर जे बोलत होते, ते भारतीय यंत्रणांनी ध्वनिमुद्रित केले आणि पुढे जगासमोर आले. त्यात ताजमहाल हॉटेलात आग लावण्याचा आग्रह आहे. ज्वाला दिसल्या की लोक घाबरतील, असा त्याचा आशय. खोलीत कोंडलेल्या ओलिसांना भिवविण्यासाठी ज्वालांची गरज नव्हती. त्यांच्यासमोर बंदुका होत्याच. त्या ज्वाला दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेल्या कोट्यवधी प्रेक्षकांसाठी होत्या. म्हणजे आपल्यासाठी. गोळी ज्याला लागते तो दहशतवाद्याचा बळी असतो. परंतु त्याचे लक्ष्य असतो तो पाहणारा.

आणि पाहणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची सोय कुणी केली? आपल्याच वाहिन्यांनी. कमांडो कोठे उतरत आहेत, कोणत्या मजल्यावर हालचाल आहे, हे सर्व थेट प्रक्षेपणातून दाखवले जात होते आणि सीमेपलीकडचे सूत्रधार ते पाहून आपल्या माणसांना सावध करीत होते. अजमल कसाबच्या अपिलाचा निकाल देताना २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर अत्यंत कठोर शब्दांत ताशेरे ओढले. सुरक्षा दलांचे काम त्यामुळे अधिक अवघड व धोक्याचे झाले आणि त्यामागे प्रेक्षकसंख्या वाढविण्याचा व्यापारी हेतू होता, असे न्यायालयाचे म्हणणे होते. २८ नोव्हेंबरला तर छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पुन्हा गोळीबार सुरू झाल्याचे वृत्त काही वाहिन्यांनी दिले. तसे काहीही घडलेले नव्हते. परंतु दोन दिवसांपूर्वी जेथे ५० हून अधिक माणसे मारली गेली होती, त्याच स्थानकाचे नाव ऐकून मुंबईकराची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा. ती दहशत कोणत्याही दहशतवाद्याने निर्माण केली नव्हती.

याच स्थानकावर २६ च्या रात्री दुसरा एक आवाज लोकांपर्यंत पोहोचत होता. उद्घोषक विष्णू झेंडे. गाड्यांच्या वेळा सांगणे हे त्यांचे काम. समोर गोळीबार चालू असताना ते ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की या बाजूला येऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. शेकडो प्रवासी त्या सूचनांमुळे वाचले असे मानले जाते. झेंडे यांच्या हाती ध्वनिक्षेपक होता, वाहिन्यांच्या हातीही ध्वनिक्षेपक होता. झेंडे यांनी लोकांना नेमके तेवढेच सांगितले, जे त्या क्षणी त्यांच्या उपयोगाचे होते: कोठे जावे आणि कोठे जाऊ नये. हल्लेखोर किती, त्यांचा धर्म कोणता, सरकारचे कोठे चुकले, ही चर्चा त्यांनी केली नाही. वृत्तनिवेदनाच्या अभ्यासक्रमात हा पाठ शिकवला जातो की नाही, मला ठाऊक नाही. जावा असे मला वाटते.

यातून देश काही शिकला का? थोडेसे शिकला. २०१५ साली केबल टीव्ही नियमांत दुरुस्ती होऊन दहशतवादविरोधी कारवाईचे थेट प्रक्षेपण करण्यास बंदी आली; कारवाई संपेपर्यंत नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेल्या माहितीपुरतेच वृत्त द्यावे, असे ठरले. परंतु नियम कॅमेऱ्याला थांबवू शकतो, हव्यासाला नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांना मारण्यात आले. त्यात आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. ७ मे रोजी सैन्याने 'ऑपरेशन सिंदूर'द्वारे प्रत्युत्तर दिले. सैन्याचे अधिकारी पत्रकारांसमोर मोजक्या शब्दांत माहिती देत होते. त्याच काळात, ८ मेच्या रात्री, आपल्या कित्येक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या आणि पाकिस्तानच्या राजधानीपर्यंत आपले सैन्य पोहोचल्याच्या वार्ता दिल्या. त्यांत तथ्य नव्हते. हवाई हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा तर कार्यक्रमामागचे संगीत म्हणून वाजवला जात होता. शेवटी १० मे रोजी शासनाला वाहिन्यांना सांगावे लागले, की लोकशिक्षणाखेरीज हा भोंगा वाजवू नका. लोकांना त्याची सवय झाली, तर खऱ्या हल्ल्याच्या वेळी कुणी जागचे हलणार नाही. बंधूंनो, खोटे भय आणि खोटा विजयोन्माद ही एकाच दुकानातील दोन पाकिटे आहेत. दोन्ही घेणारा ग्राहक तोच असतो, आणि सैनिकाच्या शौर्याचा या दोन्हींनी सारखाच अवमान होतो.

वाहिन्यांना दोष देणे सोपे आहे. राजकारणाकडे वळले की श्रोते आपापल्या पक्षाप्रमाणे सावरून बसतात. तरीही बोलले पाहिजे.

१२ मार्च १९९३. मुंबईत बारा बॉम्बस्फोट, २५७ बळी. दोनच महिन्यांपूर्वी शहर दंगलींत होरपळले होते. मुख्यमंत्रिपदी नुकतेच आलेले शरद पवार यांनी त्या दिवशी दूरदर्शनवरून स्फोटांची ठिकाणे सांगताना मशीद बंदर भागाचेही नाव घेतले. तेथे स्फोट झालाच नव्हता. सर्व स्फोट हिंदुबहुल भागांत झाल्याचे कळले तर पुन्हा दंगल पेटेल, म्हणून आपण हेतुपुरस्सर तसे सांगितले, हे त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे मान्य केले. यावर आपल्याकडे दोन मते आहेत. एक म्हणते, हे मुत्सद्देगिरीचे उदाहरण. दुसरे म्हणते, ही समाजाची फसवणूक. मुंबई त्या रात्री पुन्हा पेटली नाही हे खरे. परंतु त्याचे श्रेय एका असत्याला द्यायचे, की जानेवारीत भाजून निघालेल्या आणि पुन्हा ते नको असलेल्या मुंबईकराच्या समजूतदारपणाला? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. शासनाचा शब्द ही संकटकाळातील सर्वांत मोठी शिधासामग्री. ती एकदा भेसळयुक्त आहे असे कळले, की पुढच्या प्रत्येक संकटात लोक अधिकृत निवेदन ऐकतात आणि विश्वास मात्र कानगोष्टीवर ठेवतात.

त्याच स्फोटांच्या तपासाचा धागा कसा हाती लागला, हेही या संदर्भात सांगण्यासारखे आहे. वरळीत एक मारुती गाडी बेवारस उभी होती. तिच्या नोंदणीवरून पोलीस मेमन कुटुंबाच्या दारापर्यंत पोहोचले. आरडाओरडा नाही, कुणावर जमाव धावून गेला नाही. एका बेवारस गाडीची चौकशी झाली, इतकेच. सावध असणे म्हणजे काय याचे याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

भयाचा दुसरा राजकीय उपयोग म्हणजे शिक्का मारणे. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात स्फोट झाला, सहा जण मृत्युमुखी पडले. खटला उभा राहण्यापूर्वीच 'भगवा दहशतवाद' हा शब्द चलनात आला. २०१० साली तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी तो वापरला आणि २०१३ च्या जानेवारीत जयपूरच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांचे उत्तराधिकारी सुशीलकुमार शिंदे यांनी त्याच अर्थाचे विधान केले. शिंदे आपल्याच सोलापूरचे. महिन्याभरात त्यांना त्याबद्दल खेद व्यक्त करावा लागला. पण सुटलेला शब्द परत येत नाही. ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने त्या खटल्यातील सातही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. केवळ संशयावर शिक्षा देता येत नाही, असे न्यायालय म्हणाले.

हे सांगताना सभागृहातील अनेकांना समाधान वाटत असेल. ते स्वाभाविक आहे. परंतु न्यायाचा तराजू एकाच पारड्याचा नसतो. त्याच मालेगावात २००६ साली स्फोट झाले, तेव्हा नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली; त्यांनी काही वर्षे कारागृहात काढली आणि २०१६ साली न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी मारले गेले. त्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ साली दोषी ठरवलेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. त्या निकालाचा अन्य खटल्यांत पूर्वोदाहरण म्हणून उपयोग करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितले. म्हणजे दहा दिवसांच्या अंतराने दोन मोठे निकाल लागले. एका बाजूला एकोणीस वर्षे आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ सतरा वर्षे वाट पाहिलेल्या मृतांच्या नातलगांना, आपल्या माणसाला कुणी मारले, याचे उत्तर मिळालेच नाही. भयभीत समाज संध्याकाळच्या आत नाव मागतो. वाहिन्या रात्रीच्या बातम्यांत ते नाव देतात. पुढारी सकाळी त्या नावावर शिक्का मारतात. पुरावे गोळा करणारा अधिकारी मात्र या घाईत एकटा पडतो, आणि खरा गुन्हेगार, तो कोणत्याही धर्माचा असो, या घाईचा लाभ घेऊन निसटतो.

आपल्याला जवळच्या वाटणाऱ्या पक्षाबद्दलही एक वाक्य बोलणे प्रामाणिकपणाचे ठरेल. २००८ च्या नोव्हेंबरात ताजमधील कारवाई संपलेलीही नव्हती आणि दुसऱ्या दिवशी दिल्ली विधानसभेचे मतदान होते. तेव्हा दहशतवादाशी लढण्यासाठी मत द्या, असे सांगणारी भारतीय जनता पक्षाची जाहिरात वृत्तपत्रांत झळकली. सरकारच्या दुबळेपणावर टीका करण्याचा विरोधी पक्षाला पूर्ण अधिकार होता. पण जवान अजून आत लढत होते. दोन दिवस थांबता आले असते.

कुणी म्हणेल, की देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्या मानाने दहशतवादाचे बळी किती थोडे. मग भ्यायचे कशाला? हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. अपघात कुणाचे लक्ष्य ठरवून होत नाही. पहलगामला धर्म विचारून गोळ्या झाडल्या गेल्या, असे वाचलेल्यांनी सांगितले. त्या घटनेची चीड येणे हे जिवंत समाजाचे लक्षण आहे. मात्र चीड आणि भीती यांत अंतर आहे, आणि भीती कोठे घेऊन जाते, हे पाहायला काश्मीरपर्यंत जाण्याची गरज नाही. मंगळवेढ्यापर्यंत गेले तरी पुरे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. भिक्षुकीसाठी पाच माणसे तेथे उतरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक आपल्याच सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या आधी कित्येक दिवस मोबाइलवरून फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारले. पिढ्यान्पिढ्या गावोगावी फिरून जगणारी ही माणसे. त्यांचा अपराध एवढाच, की त्या गावात त्यांना कुणी ओळखत नव्हते.

त्या वर्षी देशभर अशा अफवांनी अनेकांचे प्राण घेतले. त्यांना खतपाणी घालणारी एक चित्रफीत फार फिरली: मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात. प्रत्यक्षात ती कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली चित्रफीत होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेली फीत पुढे पाठवली. पुढची सर्व कामे आपल्यासारख्यांच्या बोटांनी केली. त्यात वाहिनीचा मालक नव्हता, पुढारी नव्हता. मुलांच्या काळजीने व्याकूळ झालेल्या आया होत्या, कुटुंबवत्सल वडील होते, शिकलेले तरुण होते.

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाकडून मारले गेले, तेव्हा आपण सर्व जण हादरलो. तेथेही चोर आणि मुले पळवणारे आल्याची अफवाच कारणीभूत होती. आणि १३ सप्टेंबर २०२२ रोजी, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील लवंगा गावात, विजापूरहून पंढरपूरला निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना मुले पळवणारे समजून मारहाण झाली. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेले साधू, आणि हात उचलणारे कोण? वारीला जाणाऱ्यांच्याच मुलुखातले लोक. जत काही दूर नाही.

आता मैंदर्गीकडे पाहा. अक्कलकोटला स्वामींचे दर्शन घेऊन गाणगापूरला निघालेला भाविक याच रस्त्याने दुधनीकडे जातो. कुणी मराठी बोलतो, कुणी कन्नड, कुणी तेलुगू. पौर्णिमेला किती अनोळखी चेहरे येथून जातात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. भगव्या वस्त्रातला, दाढी वाढवलेला, आपली भाषा न कळणारा माणूस चौकात पाणी मागतो, हा या गावाच्या शतकांच्या सवयीचा भाग आहे. उद्या एखाद्या रात्री, दूर कोठेतरी स्फोट झालेला असताना, 'आपल्या भागात चौघे संशयित उतरले आहेत' असा संदेश गटावर आला, तर त्या माणसाचे काय होईल, हा प्रश्न मी येथे बसलेल्या तरुणांना विचारतो आहे. मुद्दाम त्यांनाच विचारतो, कारण गावातील गटांचे चालक बहुतेक तेच असतात.

असा संदेश आला तर तो कुणी लिहिला, केव्हाचा आहे, ठिकाणाचे नाव आहे काय, हे आधी पाहावे. 'पुढे पाठवा' असा आग्रह असेल तर अधिक शंका घ्यावी. खरोखरच बेवारस वस्तू किंवा संशयास्पद हालचाल दिसली, तर ११२ वर कळवावे आणि तेथून लोकांना दूर करावे. चित्रण करीत उभे राहू नये. आणि ज्याच्याबद्दल संशय आहे, त्याला पोलीस येईपर्यंत पाणी देऊन बसवायला दोन वडीलधारी माणसे पुढे यावीत. ती एका आळीची किंवा एका समाजाची नसावीत. ही माणसे कोण, हे आजच ठरलेले असावे. जमाव जमल्यावर ती शोधता येत नाहीत. राईनपाड्यात त्या दिवशी ती वेळेवर उभी राहिली नाहीत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे राखलेली आहेत. मागे बसलेल्या भगिनींपैकी कुणाला विचारायचे असेल तर आधी त्यांनी विचारावे, कारण घरातील दूरचित्रवाणी आणि मुलांच्या हातातील मोबाइल या दोन्हींचा अनुभव त्यांना अधिक आहे. कन्नडमध्ये विचारले तरी चालेल, शेजारी बसलेले कुणीतरी मला सांगतील.